कोर्लईची मावळत आणि पायथ्याची भाषा

सूर्यास्त पाहण्यासाठी टेकडी चढणे ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिला काही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. सूर्य रोज मावळतो आणि डोळे सर्वांनाच असतात. मग यात काळाचा, समाजाचा आणि सत्तेचा प्रश्न कुठे आला? आमचे म्हणणे असे की तो प्रश्न पहिल्या पायरीपासूनच येतो. माथ्यावर मावळतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला काय दिसते, हे तो कोण आहे आणि तेथे कशासाठी आला आहे यावर अवलंबून असते. त्याला काय दिसत नाही, हेही त्यावरच अवलंबून असते. हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी कोकण किनाऱ्यावरची एक लहानशी टेकडी आम्ही निवडली आहे. ती म्हणजे रायगड जिल्ह्यातील कोर्लई.

अलिबागहून मुरुडकडे जाताना रेवदंड्याच्या पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल लागतो. पूल ओलांडून साळावमार्गे पुढे गेले की उजव्या हाताला समुद्रात शिरलेली एक लांबट डोंगरसोंड दिसते. तिच्या दक्षिणेच्या अंगाला कोर्लई गाव आहे, पश्चिमेच्या पायथ्याशी दीपगृह आणि माथ्यावर दक्षिणोत्तर पसरलेला किल्ला. उंची शंभर मीटरच्या आसपास. दीपगृहामागच्या पायऱ्यांनी सावकाश चढले तरी अर्ध्या तासाच्या आत माथा गाठता येतो. दोर लागत नाही, वाटाड्या लागत नाही, फारसा दमही लागत नाही. किल्ला इतका अरुंद आहे की आडव्या भिंतींनी आणि दरवाजांनी त्याचे एकामागून एक कप्पे पाडलेले आहेत. एका कप्प्यात छप्पर गेलेले चर्च उभे आहे, एखाद्या दरवाजावर पोर्तुगीज लेख आहे, काही तोफा आहेत. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला खाडी आणि उत्तरेला खाडीच्या मुखापलीकडे रेवदंड्याची तटबंदी. मित्रमंडळींसह दुपार कलल्यावर निघावे, तटावर बसून सूर्य बुडताना पाहावा आणि उजेड आहे तोवर उतरावे, यासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. आम्हीही अनेकदा हेच केले आहे. अशा सहलीत बोलणे मोकळे होते आणि सूर्य पाण्याला टेकला की सगळे आपोआप गप्प होतात. त्या शांततेला आम्ही कमी लेखत नाही. मात्र ती कोणत्या परंपरेतून आपल्याकडे आली, हे विचारण्याजोगे आहे.

मराठी घरातली पारंपरिक संध्याकाळ आठवून पाहावी. तिचे शब्दच बोलके आहेत : तिन्हीसांजा, कातरवेळ, दिवेलागण. यांपैकी एकही शब्द क्षितिजाकडे बोट दाखवत नाही. तिन्हीसांजेला घराबाहेर राहू नये, उंबऱ्यावर बसू नये, दिवा लागला की हात जोडावेत, मुलांनी शुभंकरोती म्हणावी, असा तो संकेत. नजर दिव्याकडे आणि तुळशीकडे, म्हणजे आत वळलेली. संध्या करणारा मावळत्या सूर्याला अर्घ्य देई हे खरे. पण ते कर्म होते आणि त्याला वेळेचे व मंत्राचे बंधन होते. ‘उगवत’ आणि ‘मावळत’ हे शब्द बोलीत दिशा सांगण्यासाठी वापरले जात. शेत मावळतीला आहे, असे म्हणणाऱ्याच्या मनात रंगांची उधळण नसे.

याचा अर्थ सूर्यास्ताचे सौंदर्य आपल्याला इंग्रजांनी शिकवले, असा मात्र होत नाही. इतके सरळ विधान संस्कृत काव्यापुढे टिकणार नाही. दंडीने महाकाव्याची वर्ण्यस्थळे सांगताना नगर, समुद्र, पर्वत आणि ऋतू यांच्या जोडीला चंद्राचा आणि सूर्याचा उदय सांगितला. अस्ताचे नाव त्याने घेतले नाही. पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त संध्या आणि प्रदोष यांचा स्पष्ट उल्लेख केला. आणि या दोघांच्याही आधी कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या आठव्या सर्गात गंधमादन पर्वतावर शिवाला पार्वतीशेजारी बसवून तिला सूर्यास्त दाखवायला लावले आहे. प्रिय व्यक्तीबरोबर उंच जागी बसून मावळता सूर्य पाहण्याचे इतके सविस्तर चित्र जुन्या साहित्यात क्वचितच सापडेल. पण तेथेही पुढे काय घडते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वर्णन संपवून शिव सायंसंध्येसाठी उठतो, पार्वती रुसते आणि परत आल्यावर त्याला तिची समजूत घालावी लागते. पाहण्याचा आनंद आणि संध्याकाळचे कर्तव्य यांच्यातला हा ताण कालिदासाने हसतखेळत मांडला आहे. आजच्या सहलीत त्यातला पहिला भाग उरला आहे आणि दुसरा गळून गेला आहे.

कोर्लईच्या माथ्यावर मात्र शतकानुशतके तिसऱ्याच प्रकारचे पाहणे चालले होते. ते होते पहाऱ्याचे.

खाडीपलीकडचे चौल हे पश्चिम किनाऱ्यावरच्या अतिप्राचीन बंदरांपैकी एक. ग्रीक लेखकांचे ‘सेमिल्ला’ किंवा ‘सिमिल्ला’ म्हणजे चौलच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी हा अरब प्रवासी येथे आला; त्याने या बंदराला ‘सैमूर’ म्हटले आणि इथल्या मोठ्या मुसलमान वस्तीची नोंद केली. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन चौलास उतरला आणि तेथून जुन्नर-बीदरकडे गेला. एडन, होर्मुझ आणि तांबडा समुद्र यांच्याशी चौलचा व्यवहार चाले. पावसाळ्यात बंदर मिटे. पाऊस ओसरला की पश्चिमेकडून गलबते येऊ लागत. चौलच्या दृष्टीने मावळत ही घोडे येण्याची, पैसा येण्याची आणि शत्रू येण्याची दिशा होती. मावळत्या प्रकाशात शीड काळे दिसते. ते ओळखीचे की परके, हे अंधार पडण्याआधी ठरवायचे असे. सूर्य बुडण्यापूर्वीचा तो अर्धा तास, जो आज आपण छायाचित्रासाठी राखून ठेवतो, तो पहारेकऱ्याचा सर्वांत काळजीचा काळ असला पाहिजे.

सन १५०८ मध्ये या खाडीच्या मुखाशी मोठी आरमारी लढाई झाली. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली आले होते आणि दीवचा मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेन्सो समोर होता. त्याचे जहाज मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकले, सुटेना, आणि तो तेथेच मारला गेला. पुढच्याच वर्षी बापाने दीवच्या लढाईत सूड घेतला, आणि हिंदी महासागरावरील पोर्तुगीज वर्चस्वाचा आरंभ बहुधा त्या विजयापासून मोजला जातो. या साऱ्या कथेत आम्हांला ते खुंट महत्त्वाचे वाटतात. कोणा स्थानिक मासेमाराने आपल्या जाळ्यासाठी ते रोवले होते. त्याचे नाव कुणी लिहिले नाही. लोरेन्सोचे मरण मात्र १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या कामोंइशच्या ‘लुझियाद’ या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात गेले. पोर्तुगालमधील साहित्याचा विद्यार्थी चौलचे नाव आपल्या राष्ट्रीय महाकाव्यात वाचतो. आपल्याकडच्या साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र रेवदंड्याच्या पुलावरून जाताना आपण एका महाकाव्याच्या प्रसंगस्थळावरून जात आहोत, याची कल्पना बहुधा नसते.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा. १५२१ साली निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगिजांनी चौलास, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, आपले ठाणे बांधायला घेतले. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने त्याला दीर्घ वेढा घातला, पण ते पडले नाही. त्यानंतर दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने समोरच्या कोर्लईच्या टेकडीवर किल्ला उभारून खाडीचे मुख आवळण्याचा प्रयत्न केला. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी हल्ला करून तो किल्ला घेतला आणि स्वतःकडे ठेवला. १६८३ साली संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलवर चाल केली, तेव्हाही चौल व कोर्लई पोर्तुगिजांकडेच राहिले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर फिरंगाण संपले. १७४० च्या तहानंतर चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. १८१८ नंतर पेशवाईच्या अस्ताबरोबर हा प्रदेश इंग्रजी अमलाच्या छायेत गेला, तोपर्यंत व्यापार मुंबईकडे केव्हाच सरकला होता. चौल-वसईच्या अवशेषांवर मूळचे गोव्याचे डॉ. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिले, तेव्हा ती ठाणी पुराणवस्तूंच्या जिज्ञासेचा विषय झालेली होती. मावळतीकडून काही येण्याची वाट पाहण्याचे कारण संपले. पहारा उठला आणि जागा रिकामी झाली.

या रिकाम्या जागी नवे पाहणे आले ते थंड हवेच्या ठिकाणांच्या वाटेने. गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वरची वसाहत आकाराला आली. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरान हेरले. या ठिकाणांनी डोंगरकड्यांना ‘पॉइंट’ हे नाव दिले आणि त्यांतल्या काहींना सूर्यास्ताचा खास मान मिळाला. संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, काही काम नसताना जमायचे आणि अंधार पडताच परतायचे, ही रीत तेथे घडली. इंग्रजी रोमँटिक कवितेने तिला भाषा पुरवली आणि आमच्या नव्या शिक्षित वर्गाने दोन्ही गोष्टी एकदमच उचलल्या. किनाऱ्यावरच जन्मलेल्या मालगुंडच्या केशवसुतांचे उदाहरण मात्र थोडे वेगळे आहे. समुद्राकाठच्या मायभूमीची ओढ व्यक्त करायला त्यांनी ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ उद्देशून कविता लिहिली. किनारा त्यांच्याकडे देखावा म्हणून न येता वारा म्हणून आला. जेथे आपण राहिलो, ती जागा अंगाला आधी कळते आणि डोळ्यांना नंतर, असे यावरून म्हणता येईल.

विसाव्या शतकात मराठी माणसाच्या डोंगरचढणीला आणखी एक प्रेरणा मिळाली, ती किल्ल्यांच्या भक्तीची. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी दुर्गभ्रमणाला जवळजवळ तीर्थयात्रेचे रूप दिले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्गही आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. कोर्लई त्या यादीत असण्याचे कारण नव्हते, कारण त्या यादीचा विषय मराठ्यांचे लष्करी स्थापत्य हा होता. पण यादी बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. कोर्लई निजामशहाने बांधला, पोर्तुगिजांनी सुमारे दीडशे वर्षे राखला, संभाजी महाराजांच्या मोहिमेत तो हाती आला नाही आणि अखेर तहाने मिळाला. अभिमानाने सांगण्याच्या इतिहासात त्याला जागा सापडत नाही. रायगडावर जाणारा माणूस इतिहास मनात घेऊन चढतो. कोर्लईला जाणारा पाण्याची बाटली आणि कॅमेरा घेऊन चढतो. जो किल्ला आपल्या कथेत बसला नाही, त्याच्या वाट्याला आपण केवळ सूर्यास्त ठेवला.

आता माथ्यावरून खाली पाहावे. तटावर पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीशी गाव येते. त्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत जी भाषा बोलली जाते तिला बोलणारे ‘क्रिस्ती’ किंवा ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. ती पोर्तुगीज शब्दसंग्रहावर उभी राहिलेली एक क्रिओल भाषा आहे. सैनिक, त्यांनी केलेल्या स्थानिक बायका आणि धर्मांतरित कष्टकरी कुटुंबे यांच्या संपर्कातून ती घडली. एके काळी वसई, साष्टी, मुंबई, चौल आणि दमण या साऱ्या उत्तर फिरंगाणात तिच्या भगिनीभाषा बोलल्या जात. गोव्यात जन्मलेले भाषापंडित सेबास्तियाँव रोदोल्फु दालगादु यांनी १९०६ साली या उत्तरेकडच्या बोलीवर अभ्यास प्रसिद्ध केला. वसई-मुंबईकडे ती नंतर विझली. दमण-दीव सोडले तर ती टिकली ती कोर्लईस. बोलणारे आता हजाराच्या आत आहेत.

ती येथेच का टिकली? पोर्तुगीज सत्ता गेली, अधिकारी गेले, तोफा राहिल्या आणि माणसेही राहिली. ज्यांना लिस्बनला किंवा गोव्याला जाण्याची सोय नव्हती, ती माणसे. १७४० नंतर भोवताली मराठी बोलणारा समाज होता. परंतु धर्माने आणि जातीने घातलेल्या मर्यादांमुळे त्याच्याशी सोयरिक किंवा पंगत होण्याचा संभव नव्हता. अमेरिकन भाषावैज्ञानिक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये या भाषेच्या उत्पत्तीवर आणि वाढीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिच्या टिकण्याच्या कारणांत त्यांनी या सामाजिक अलगपणाला महत्त्वाचे स्थान दिले आहे. ज्या भिंती घालणे हा आपल्या समाजाचा दोष, त्याच भिंतींच्या आड ही भाषा जगली. हे सत्य पचवायला सोपे नाही, आणि त्यावरून त्या भिंती चांगल्या होत्या असे कोणी समजू नये.

मराठीच्या विद्यार्थ्याला अधिक जवळची गोष्ट पुढेच आहे. या भाषेतील शब्द पोर्तुगीज असले, तरी वाक्य बऱ्याच अंशी मराठीच्या चालीने चालते. पोर्तुगिजात क्रियापद सामान्यतः कर्माआधी येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस जाऊन बसते. सुमारे पाचशे वर्षांच्या शेजाराने शब्दांच्या खालची रचना बदलली आहे. याच शेजाराची दुसरी बाजू आपल्या तोंडात आहे : पगार, पाव, बटाटा, चावी, बादली, घमेले, पिंप, लिलाव, मिस्त्री, हापूस हे शब्द आपण पोर्तुगिजाकडून घेतले आणि इतके पचवले की त्यांचे परकेपण कोणाला जाणवत नाही. आपण त्यांच्याकडून नामे घेतली आणि त्यांनी आपल्याकडून वाक्याची ठेवण घेतली. भाषासंपर्क शिकवणाऱ्या अध्यापकाला दोन बाजूंचे इतके स्वच्छ उदाहरण मुंबईपासून एका दिवसाच्या अंतरावर उपलब्ध आहे. तरी आमच्या वर्गांत क्रिओल भाषा शिकवताना बहुधा हैती किंवा जमैका यांची उदाहरणे दिली जातात.

आज त्या अलगपणाच्या भिंती सुदैवाने झिजल्या आहेत. मुले शाळेत मराठी शिकतात, तरुण कामासाठी बाहेर पडतात, आणि बाजार, बस, कचेरी हे सारे व्यवहार मराठीत चालतात. हे सर्व न्याय्य आणि इष्ट आहे. पण त्याबरोबरच घरातली भाषा आकुंचन पावते. येथे आम्हांला एका अवघड जागी येऊन थांबावे लागते. मराठी भाषेच्या भवितव्याविषयी गेली शंभर वर्षे जी चिंता आपण व्यक्त करत आलो आहोत, तिच्यात मराठी नेहमी दुबळ्या बाजूला उभी असते. समोर इंग्रजी असते किंवा हिंदी असते. शाळा, नोकरी आणि प्रतिष्ठा यांच्या जोरावर मोठी भाषा लहान भाषेला घरातून बाहेर काढते, अशी आपली तक्रार असते, आणि ती खोटी नाही. कोर्लईत मात्र शाळेची, नोकरीची आणि प्रतिष्ठेची भाषा मराठी आहे. तेथे मोठी भाषा आपण आहोत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्याचा आनंद आम्हांलाही झाला. त्या दर्जाबरोबर काही जबाबदारी येत असेल, तर तिच्यात आपल्या सावलीत जगणाऱ्या भाषांची विचारपूस येते की नाही, हे आम्ही आमच्या अध्यापक मित्रांना विचारू इच्छितो.

यावर कोणी म्हणेल की टेकडीवर चार घटका निवांत बसायला गेलेल्या माणसावर एवढे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. विश्रांतीचे क्षण थोडे असतात, आणि मित्रांच्या सोबतीत मावळता सूर्य पाहणे ही या काळातल्या फार थोड्या निरुपद्रवी सुखांपैकी एक गोष्ट आहे. ते सुख सोडावे असे आम्ही सुचवत नाही. कोणा गावकऱ्याला अडवून त्याच्या भाषेचे नमुने मागावेत असेही नाही. गाव म्हणजे संग्रहालय नव्हे आणि तिथली माणसे आपल्या कुतूहलासाठी बसलेली नाहीत. आमचे मागणे याहून लहान आहे. साहित्याच्या आणि भाषेच्या विभागांनी सहली काढाव्यात आणि कोर्लईलाही न्यावे. पण जाण्यापूर्वी वर्गात चौलचा इतिहास, ‘लुझियाद’मधला प्रसंग आणि ‘नो लिंग’चे व्याकरण यांवर एकेक तास खर्च करावा. कोर्लईच्याच घरातून आलेला एखादा विद्यार्थी पुढे मराठी किंवा भाषाविज्ञान शिकत असेल, तर त्याला आपल्या भाषेवर लिहिण्यास उत्तेजन द्यावे, आणि ते लेखन मराठीत व्हावे. या भाषेवरचे महत्त्वाचे संशोधन इंग्रजीत झाले आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याविषयी लिहिले, तर त्यात काही निराळे निघेल, अशी आमची खात्री आहे.

एवढी तयारी करून गेलेल्या विद्यार्थ्यालाही सूर्य पूर्वीइतकाच सुंदर दिसेल. मात्र तो उतरू लागेल तेव्हा पायथ्याशी दिवेलागण झालेली असेल, आणि त्या घरांतून जे बोलणे ऐकू येईल ते आपल्याला कळत का नाही व कळल्यासारखे का वाटते, हे त्याला ठाऊक असेल.